संशोधनाच्या पाठीमागची कचेरी

१२ मार्च १९४४ रोजीं डॉ. होमी भाभा यांनीं बंगळूरहून सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांस एक पत्र लिहिलें. मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठीं देशांत एक स्वतंत्र संस्था असावी, ट्रस्टनें तिला द्रव्यसाहाय्य करावें, आणि तसें झाल्यास पुढेंमागें अणुशक्ति निर्माण करण्याचा प्रसंग येईल तेव्हां तज्ज्ञांसाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. ट्रस्टनें मागणी मान्य केली. मुंबई सरकारनेंही हातभार लावला. आणि १ जून १९४५ रोजीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें काम बंगळूरास सुरू होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस तें मुंबईस आलें. एका शास्त्रज्ञाचें एक पत्र, एका विश्वस्तमंडळाचा एक ठराव, आणि एक संस्था उभी!

ही हकीकत वाचून आजच्या एखाद्या प्राध्यापकास हेवा वाटला तर नवल नाहीं. त्याला दोनचार लाखांच्या अनुदानासाठींही छापील नमुने भरावे लागतात, दाखले जोडावे लागतात, आणि आपल्या विद्यापीठाच्या एका कचेरींतून तो सर्व जुडगा पुढें पाठवावा लागतो. या कचेरीचें नांव ठिकठिकाणीं निराळें असतें. कोठें तिला संशोधन व विकास कक्ष म्हणतात, कोठें प्रायोजित संशोधन विभाग म्हणतात; मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत तिला औद्योगिक संशोधन व सल्ला केंद्र असें नांव आहे. नांव कांहींही असो, सर्वसाधारण सुशिक्षित माणसाला तिच्याविषयीं फारशी माहिती नसते. प्रयोगशाळेंतील दुर्बिणी, सूक्ष्मदर्शकें आणि भट्ट्या त्याला ठाऊक असतात; परंतु त्यांच्यामागें चोपड्या, पावत्या आणि करारनामे यांचीही एक प्रयोगशाळा असते, व ती बिघडली तर पहिलीही बंद पडते, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

भाभांचें काम एका पत्रानें झालें, याचें कारण देणारा आणि घेणारा हे दोघेही परस्परांस ओळखीत होते. बंगळूर येथील त्यांच्या विश्वकिरणांच्या अभ्यासाला याच ट्रस्टनें पूर्वीं मदत केली होती. तेथें विश्वास हा ओळखीवर उभा होता. पुढें संशोधनाचा पैसा मुख्यतः सरकारी तिजोरींतून येऊं लागला, आणि मागणारे हजारों झाले. तिजोरींतला पैसा करदात्यांचा, आणि मागणारा अनोळखी. अशा वेळीं ओळखीची जागा नियमांना घ्यावी लागते. नियम आला कीं तो जाणणारा, तो पाळला गेला असें लिहून देणारा आणि चुकल्यास जाब देणारा कोणी तरी लागतो. संशोधन-कचेरीचें मूळ या साध्या गरजेंत आहे.

या व्यवस्थेला आजचें रूप आलें तें दुसऱ्या महायुद्धांत, आणि तेंही अमेरिकेंत. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेंत उद्योगधंद्यांसाठीं संशोधन करून देण्याची व्यवस्था पाहणारें एक खातें १९२० च्या सुमारासच निघालें होतें. जून १९४० मध्यें संरक्षणविषयक संशोधनासाठीं एक राष्ट्रीय समिति नेमली गेली, आणि तिचे सूत्रधार व्हॅनेव्हर बुश यांनीं एक महत्त्वाचा निर्णय घेतला. सर्व शास्त्रज्ञांना सरकारी छावणींत गोळा करण्यापेक्षां ते जेथें आहेत तेथेंच, म्हणजे त्यांच्या विद्यापीठांतच, करार करून त्यांना काम द्यावें, हा तो निर्णय. १९४० च्या ऑक्टोबरांत वरील संस्थेंत रडारच्या संशोधनासाठीं एक प्रयोगशाळा सुरू झाली. मूठभर शास्त्रज्ञांनीं आरंभिलेल्या त्या कामावर युद्ध संपतां संपतां चार हजारांच्या आसपास माणसें होतीं. एवढा व्याप प्राध्यापकांनीं व्याख्यानें सांभाळून चालवावा, हें अशक्य होतें. हिशेब, नेमणुका, गुप्तता आणि शोधांचे हक्क या सर्वांसाठीं स्वतंत्र माणसें नेमणें भाग पडलें.

त्या करारांचें एक तत्त्व असें होतें कीं, विद्यापीठाला त्यांत नफाही होऊं नये आणि तोटाही होऊं नये. तत्त्व सोपें दिसतें. पण त्यांतूनच पुढील सर्व वाद निघाले. तोटा म्हणजे काय? यंत्राची किंमत आणि साहाय्यकांचा पगार हा उघड खर्च झाला. परंतु ज्या इमारतींत यंत्र ठेवलें तिची झीज, विजेचें बिल, ग्रंथालय, पहारेकरी, हिशेबनीस, हा खर्च कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? तो विद्यापीठानें सोसला तर जितकें संशोधन अधिक तितकें विद्यापीठ गरीब, असा विपरीत न्याय होईल. म्हणून मूळ रकमेवर कांहीं टक्के आनुषंगिक खर्चासाठीं द्यावे, असा प्रघात पडला. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं अमेरिकन नौदलाची संशोधन-कचेरी आणि १९५० सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि युद्धापुरती मानलेली ही पद्धति शांततेच्या काळांतही कायम झाली.

आपल्याकडे याच सुमारास तशा संस्था उभ्या राहिल्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ सालची. विद्यापीठ अनुदान मंडळ १९५३ सालीं सुरू झालें आणि १९५६ सालीं त्याला कायद्याचा आधार मिळाला. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा कायदा २००८ सालचा. त्या मंडळाची जागा २०२३ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानानें २०२४ पासून घेतली. देणारे हात असे वाढले, तशी घेणाऱ्या विद्यापीठांतही व्यवस्था होणें प्राप्त झालें. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यांत संशोधन मंडळाची तरतूद आहे, आणि उच्च शिक्षणाच्या प्रत्येक संस्थेंत संशोधन व विकास कक्ष असावा, यासाठीं अनुदान मंडळानें २०२२ सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या.

आतां ही कचेरी प्रत्यक्षांत करते काय, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. कोंकणांतील एका महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिका खाडीकांठच्या कांदळवनांवर संशोधन करूं इच्छितात, असें समजावें. खाऱ्या पाण्याचा चढउतार ही झाडें कशीं सोसतात, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, त्यांची तयारीही आहे. पण अनुदानाचा अर्ज त्यांनीं कधीं केलेला नाहीं. त्यांच्या अर्जांत एका यंत्राची किंमत आहे, रसायनें आहेत, आणि एक संशोधक विद्यार्थी ठेवावयाचा म्हणून एक ठोकळ रक्कम आहे.

कचेरींतला जाणता अधिकारी पहिला प्रश्न त्या विद्यार्थ्याविषयीं विचारील. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय दरांप्रमाणें कनिष्ठ संशोधकाला पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळावयाचे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे ८,८८,००० आणि तिसऱ्या वर्षाचे ५,०४,०००, मिळून १३,९२,००० रुपये, घरभाडें याशिवाय. अध्यापिकाबाईंनीं तिसऱ्या वर्षाची वाढ धरलेलीच नसेल, तर तें वर्ष उजाडेल तेव्हां साठ हजारांची तूट पडेल, आणि ती भरून काढण्यास त्या वेळीं कोणीही पुढें येणार नाहीं. दुसरा प्रश्न यंत्राविषयीं. तें ठेवण्यास थंड राखलेली खोली लागते काय? हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कोठून करणार? तिसरा प्रश्न झाडांविषयीं. महाराष्ट्रांतील पुष्कळशीं कांदळवनें वनखात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. तेथील पानें-मुळें तोडावयाचीं तर परवानगी आधीं घ्यावयास हवी. आणि एखादा परदेशी सहकारी नमुने मागणार असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें आणखी एक संमति लागेल. ही चौकशी कित्येकांस अडवणूक वाटते. परंतु अर्ज करण्यापूर्वीं विचारलेला प्रश्न आणि पैसे खर्च झाल्यावर आलेला आक्षेप, यांपैकीं सुसह्य कोणता, हें सांगावयास नको.

अर्ज मंजूर झाला कीं कचेरीचें दुसरें काम सुरू होतें. अनुदान हें बहुधा व्यक्तीच्या हातीं दिलें जात नाहीं. तें संस्थेला मिळतें, आणि संशोधक हा त्याचा विनियोग करणारा ठरतो. म्हणून करारावर सही संस्थेची, खातें संस्थेचें आणि हिशेबाची जबाबदारीही संस्थेची. रक्कम एकदम येत नाहीं, हप्त्यांनीं येते. पहिला हप्ता ठरल्या कामीं लागला, असें विनियोगाचें प्रमाणपत्र व खर्चाचा तक्ता गेल्याविना पुढचा हप्ता सुटत नाहीं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत हें सारें लिहून ठेवलें आहे. अनुदानाच्या रकमेवर मिळालेलें व्याजसुद्धां सरकारजमा करावें लागतें.

या प्रमाणपत्राला कोणी निव्वळ कागद समजूं नये. मार्चअखेरचे हिशेब जुळले नाहींत, एखादी पावती हरवली, किंवा सही करणारा अधिकारी रजेवर गेला, तर हप्ता अडतो. हप्ता अडला म्हणून प्राध्यापकाचा पगार थांबत नाहीं. थांबते ती विद्यार्थ्याची वृत्ति. घरापासून दूर, भाड्याच्या खोलींत राहणारा तो तरुण किंवा ती तरुणी दोनचार महिने उसनवारीवर काढते. आणि कधींकधीं संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरते. एका हुशार विद्यार्थ्याचें तीन वर्षांचें शिक्षण अशा रीतीनें एका पावतीपायीं वायां जाऊं शकतें. ज्या कचेरींत प्रत्येक अनुदानाची तारीखवार नोंद असते आणि हप्त्याच्या आधीं दोन महिने संशोधकाला स्मरणपत्र जातें, त्या कचेरीनें एखाद्या मोठ्या देणगीहून अधिक काम केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

विद्यार्थ्यांच्या बाबतींत कचेरीचें कर्तव्य वृत्ति वेळेवर देण्यानें संपत नाहीं. संशोधन हें पदवी मिळाल्यानंतर करावयाचें, ही समजूत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न वर उल्लेखिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंतच झाला. १९६९ सालीं मार्गारेट मॅक्व्हिकर यांनीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांनाही प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनांत सामील करून घेण्याची योजना सुरू केली. क्षणांत छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांची प्रेरणा व साहाय्य तिच्या पाठीशीं होतें. अशा योजनेंत विद्यार्थ्याला नुसतें काम देऊन भागत नाहीं. कोणत्या प्राध्यापकाकडे जागा आहे, विद्यार्थ्याला श्रेय मिळणार कीं वेतन, प्रयोगशाळेंतील धोक्यांची जाणीव त्याला करून दिली कीं नाहीं, हें पाहणारें कोणी तरी मध्यें लागतें. महाराष्ट्रांतील विद्यापीठांचा ‘आविष्कार’ हा संशोधनमेळावा २००६ पासून भरूं लागला, त्याचेंही मोल हेंच: ज्याला पुढें संशोधक व्हावयाचें आहे, त्याला आपला प्रश्न परक्या परीक्षकांसमोर मांडण्याची संवय लवकर लागते.

कचेरीचें आणखी एक काम पैशाहून नाजूक आहे, आणि तें शिकण्यासाठीं जगानें भारी किंमत मोजली. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत तेथील सरकारी आरोग्यखात्यानें सुमारें सहाशें गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास चालविला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना खरा रोग सांगितला गेला नाहीं, आणि पेनिसिलिन हें रामबाण औषध सर्वत्र वापरांत आल्यावरही तें त्यांना मिळूं दिलें नाहीं. ही गोष्ट उघडकीस आल्यानंतर १९७४ सालीं तेथें कायदा झाला, आणि माणसांवरील प्रयोगाचा प्रत्येक बेत स्वतंत्र समितीनें आधीं तपासावा, असें ठरलें. भारतांतही वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नीतिनियम आणि औषधांच्या चांचण्यांविषयींचे २०१९ चे नियम यांनीं अशी समिति आवश्यक केली आहे. समितींत संस्थेबाहेरचीं माणसें असतात, सामान्य नागरिकांचाही प्रतिनिधि असतो. तिच्या बैठका बोलावणें, संमतिपत्र रोग्याला समजेल अशा भाषेंत लिहिलें आहे कीं नाहीं हें पाहणें, हें काम बहुधा या कचेरीकडे किंवा तिच्या शेजारच्या खोलीकडे असतें. मराठी रोग्यापुढें इंग्रजी संमतिपत्र ठेवून सही घेणें म्हणजे संमति नव्हे, हें सांगण्याचा अधिकार त्या खोलीला आहे.

शोध लागला कीं त्याचा मालक कोण, हा पुढचा प्रश्न. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हॅरी स्टीनबॉक यांना अन्नावर अतिनील किरण पाडून त्यांत ड जीवनसत्त्व निर्माण करण्याची युक्ति साधली. त्यांनीं पदरचे ३०० डॉलर घालून एकस्वासाठीं अर्ज केला, आणि त्या हक्काचें उत्पन्न संशोधनाकडेच वळावें म्हणून १९२५ सालीं त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचें एक प्रतिष्ठान निघालें. मुडदूस या रोगाच्या निवारणास त्या शोधाची मदत झाली, आणि मिळालेल्या पैशांतून नवें संशोधन पोसलें गेलें. सरकारी अनुदानांतून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांनीं ठेवावी, अशी मुभा अमेरिकेंत १९८० च्या कायद्यानें मिळाली. भारतांत शिक्षणसंस्थांसाठीं एकस्वाचें शुल्क २०२१ सालीं शेंकडा ८० नें कमी झालें. तथापि शुल्काहून मोठा अडथळा अज्ञानाचा असतो. शोध आधीं नियतकालिकांत छापून टाकला, तर त्याचें नावीन्य बहुधा गेलेंच. मग एकस्व मिळणें कठीण. म्हणून निबंध धाडण्यापूर्वीं एकवार कचेरींत विचारावें, ही शिकवण प्रत्येक संशोधकानें गांठीं बांधावयाची असते.

इतकें सगळें खरें असलें, तरी कचेरी म्हणजे निर्दोष वस्तु नव्हे. आनुषंगिक खर्चाच्या नांवाखालीं काय काय घुसूं शकतें, याचें उदाहरण १९९१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकरणांत दिसलें. संशोधनाच्या खात्यावर एका क्रीडानौकेची झीजही मांडली गेल्याचें बाहेर आलें. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं पद सोडलें, आणि १९९४ सालीं १२ लाख डॉलर परत देऊन तो तंटा मिटला. त्याच १९९१ सालीं कारभारखर्चाच्या भागावर शेंकडा २६ ची मर्यादा घातली गेली. उलट टोकाची गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारींतली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं सर्व आनुषंगिक खर्च एकदम शेंकडा १५ वर आणण्याचें जाहीर केलें. त्याबरोबर विद्यापीठें व अनेक राज्यें न्यायालयांत गेलीं, आणि एप्रिलांत बोस्टनच्या संघ-न्यायालयानें तो हुकूम रद्दबातल केला. या दोन प्रसंगांचा बोध एकच. कचेरीचा खर्च हा खराखुरा खर्च आहे. पण तो दिवसाढवळ्या दाखवितां आला पाहिजे. दाखविला नाहीं तर एक दिवस असा येतो, कीं लोक योग्य खर्चावरही विश्वास ठेवीत नाहींत.

दुसरा दोष दिरंगाईचा, आणि तो आपल्याकडे अधिक परिचित आहे. शंभर रुपयांची कांचनळी घेण्यास तीन दरपत्रकें, आणि तीं येईपर्यंत पावसाळा संपून प्रयोगाचा हंगाम गेलेला! नियम चोराला अडविण्यासाठीं केलेला असतो. पण दारांत उभा राहून तो घरच्याच माणसाला अडवूं लागतो. या तक्रारीची दखल घेऊन जून २०२५ मध्यें केंद्र सरकारनें वैज्ञानिक संस्थांसाठीं खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रकांवांचून करावयाच्या खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, आणि सरकारी बाजारपेठेबाहेर यंत्रसामग्री घेण्याचा अधिकार संस्थाप्रमुखांस दिला. परंतु वरून मोकळीक मिळाली, तरी खालचा कारकून भीतीपोटीं जुनाच नमुना पुढें करीत राहिला, तर ती मोकळीक कागदावरच राहते. नियम पाळणें आणि नियमाच्या आड लपणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग चांगली कचेरी ओळखावी कशी? तेथील कपाटांच्या संख्येवरून नव्हे, आणि मिळविलेल्या रकमेच्या जाहिरातीवरून तर नव्हेच. प्रथमच अर्ज करणाऱ्या तरुण अध्यापकाला तेथें उभें राहूं देतात कीं बसवून घेतात. नामंजूर झालेल्या अर्जावरील परीक्षकांचे शेरे वाचून दुसऱ्या अर्जाची तयारी करवितात कीं फाईल बंद करतात. भाषा, इतिहास, समाजशास्त्र या विषयांच्या छोट्या अनुदानांना मोठ्या यंत्रांच्या अनुदानांइतकीच दाद मिळते कीं नाहीं. आणि विद्यार्थ्याची वृत्ति महिन्याच्या महिन्याला हातीं पडते कीं नाहीं, ह्या तिच्या खऱ्या कसोट्या होत. या चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर नियमांचें ओझें असूनही संशोधन चालतें. नसतील, तर भरपूर पैसा असूनही तें खुंटतें.

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां संशोधनाच्या वाटेला लागणार आहे, त्या घरानें विद्यापीठाची निवड करतांना नामांकित प्राध्यापकांबरोबर या कचेरीचीही चौकशी करावी. मार्गदर्शक विद्वान् असला तर विषयाची वाट सांपडते. पण त्या वाटेवर तीनचार वर्षें टिकून राहण्यास शिधा लागतो, आणि शिध्याची किल्ली बहुतेक वेळां या दुर्लक्षित खोलींतल्या टेबलावर असते.